रिकामी खोली आणि पंधरा गुण

मुंबईच्या चाळींत ज्याचें लहानपण गेलें आहे, त्याला जर कोणीं सांगितलें कीं, विलायतेंत 'घरांत एक खोली जास्त आहे' एवढ्यावरून मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मंत्र्यांच्या नांवानें बोटें मोडण्यांत आलीं, तर त्याला प्रथम हंसूंच येईल. दहा बाय बाराच्या एका खोलींत आईबाप, आजी, चार भावंडें आणि शिकावयास आलेला एखादा मावसभाऊ अशीं आठ माणसें ज्यानें नांदतांना पाहिलीं, त्याला जादा खोलीची आपत्ति कळावी कशी? मलाहि प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु या प्रकरणाची माहिती जसजशी वाचीत गेलों, तसतसें ध्यानांत आलें कीं, भांडण खोलीचें नव्हतेंच. ती खोली 'रिकामी' आहे हें ठरवावयाचें कोणीं, आणि कोणत्या मापानें, याचें तें भांडण होतें. त्याच सुमारास, पुष्कळ वेळां त्याच घरांतल्या माणसांच्या शरीरांचीहि अशीच मोजदाद चालूं होती. घराची मोजणी आणि देहाची मोजणी या दोन्ही एकाच उंबरठ्यावर येऊन ठेपल्या, तेव्हां ब्रिटनमध्यें जो संताप उसळला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आधीं भाड्याची गोष्ट. १९१५ सालीं, पहिलें महायुद्ध चालूं असतां, ग्लासगो शहरांत घरमालकांनीं भाडीं वाढविलीं. घरोघरचे पुरुष आघाडीवर गेलेले, कारखान्यांसाठीं बाहेरून आलेल्या मजुरांची गर्दी, आणि घरें अपुरीं. तेव्हां मेरी बार्बर नांवाच्या बाईच्या पुढारपणाखालीं तेथील गृहिणींनीं वाढीव भाडें देण्याचें साफ नाकारलें, आणि घराबाहेर काढावयास आलेल्या बेलिफांची वाट अडविली. त्याच वर्षीं पार्लमेंटला कायदा करून भाडीं गोठवावीं लागलीं. पुढें १९४२ सालीं सर विल्यम बेव्हरिज यांचा प्रख्यात अहवाल निघाला. (हे गृहस्थ जन्मले बंगालमध्यें, रंगपूर येथें, हें जातां जातां सांगून ठेवतों.) आजारी, बेकार, वृद्ध अशा सर्वांना विम्याच्या आधारानें किमान उत्पन्न मिळावें, ही त्यांची कल्पना. खाण्यापिण्याला आणि कपड्यालत्त्याला किती लागतें हें त्यांनीं हिशेबानें ठरविलें. पण भाड्यापाशीं येऊन त्यांची लेखणी अडखळली. लंडनमधलें भाडें निराळें, खेड्यांतलें निराळें, आणि सारख्याच मिळकतीच्या दोन कुटुंबांचेंहि निराळें. सर्वांना एकच रक्कम द्यावी तर एकाला ती पुरून उरेल आणि दुसऱ्याला पोटाला चिमटा घ्यावा लागेल. ज्याचें त्याचें भाडें द्यावें तर सरसकट दराची सारी सोपी रचनाच ढांसळेल. ही अडचण त्यांनीं अहवालांत मोकळेपणानें मांडली, आणि शेवटीं सरसकट एकच आंकडा धरला. प्रश्न सुटला नाहीं. तो पुढच्या पिढ्यांच्या पदरांत पडला.

युद्धानंतर नगरपालिकांनीं लक्षावधि घरें बांधून माफक भाड्यानें दिलीं, म्हणून कांहीं काळ तो झांकलेला राहिला. १९८० च्या कायद्यानें तींच घरें सवलतीच्या किंमतीनें विकत घेण्याचा हक्क भाडेकरूंना मिळाला, आणि एकट्या इंग्लंडांत अशीं अठरा लाखांहून अधिक घरें सार्वजनिक मालकींतून गेलीं. त्यांच्या जागीं तितकीं नवीं बांधलीं गेलीं नाहींत. १९८८ च्या कायद्यानें खासगी मालकांच्या नव्या भाडेकरारांवरचें नियंत्रण उठलें. भाडें रोखून धरावयाचें नाहीं, ज्याला तें परवडत नाहीं त्याला सरकारनें साह्य करावयाचें, असें धोरण ठरलें. भाडेसाह्याची योजना १९८२-८३ पासून होतीच. आपल्याकडे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें याच्या उलट केलें. भाडें जागच्या जागीं बांधून टाकलें, आणि मालकानें दुरुस्तीचें नांव टाकलें. गिरगांवांतला टेकू दिलेला जिना ज्यानें चढला आहे, त्याला त्या औषधाचा गुण ठाऊक आहे. विलायती औषधाचा परिणाम निराळा झाला. भाडीं चढत गेलीं तसा सरकारचा खर्चहि चढत गेला, आणि २०१० च्या सुमारास तो वर्षाला २,००० कोटि पौंडांच्या वर पोंचला. साह्य निघत होतें भाडेकरूच्या नांवानें, पैसा जात होता घरमालकाकडे, आणि उधळपट्टीचा ठपका मात्र येत होता भाडेकरूवर.

२००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, २०१० सालीं, डेव्हिड कॅमेरन यांचें संयुक्त सरकार अधिकारावर आलें. जॉर्ज ऑस्बर्न अर्थमंत्री झाले, आणि रोजगार व पेन्शन हें खातें इयन डंकन स्मिथ यांच्याकडे आलें. पहिली कात्री खासगी भाडेकरूंवर चालली. एखाद्या भागांतलीं शंभर घरें भाड्याच्या चढत्या क्रमानें ओळीनें मांडलीं, तर पूर्वीं पन्नासाव्या घराच्या भाड्यापर्यंत साह्य मिळूं शके. २०११ पासून ही मर्यादा तिसाव्या घरापर्यंत खालीं आणली. पुढें २०१६ पासून चार वर्षें तो आंकडाहि गोठविला. भाडीं अर्थात् गोठलीं नाहींत.

परंतु लोकांच्या जिव्हारीं लागला तो २०१२ च्या कायद्यांतून निघालेला आणि १ एप्रिल २०१३ पासून अंमलांत आलेला दुसरा नियम. तो नगरपालिका व गृहसंस्था यांच्या घरांत राहणाऱ्या, पेन्शनीचें वय न झालेल्या भाडेकरूंसाठीं होता. जोडप्याला एक शेजघर. सोळा वर्षांच्या आंतील दोन मुलगे किंवा दोन मुली यांना मिळून एक. दहा वर्षांच्या आंतील भाऊबहीण असलीं तरी एकच. या हिशेबानें एक शेजघर जास्त निघालें कीं साह्यासाठीं धरलेल्या भाड्यांतून शेंकडा १४ कापावयाचे, दोन निघालीं कीं शेंकडा २५. सरकारी भाषेंत याला 'जादा खोलीची सवलत काढून घेणें' असें म्हणत. लोकांनीं त्याला 'बेडरूम टॅक्स' म्हटलें, आणि तेंच नांव रूढ झालें. आठवड्याला ९० पौंड भाडें असेल, तर १२ पौंड ६० पेन्स स्वतःच्या खिशांतून घालावयाचे. त्या वर्षीं पंचविशी ओलांडलेल्या एकट्या बेकार माणसाला जेवणखाण, वीज, कपडे या सर्वांसाठीं आठवड्याला ७१ पौंड ७० पेन्स मिळत असत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कपातीची धार कळते.

सरकारची बाजू अगदींच पोकळ होती असें मी म्हणणार नाहीं. इंग्लंडांत सार्वजनिक घरासाठीं नांव नोंदवून बसलेलीं सुमारे अठरा लाख कुटुंबें त्या वेळीं होतीं. एका घरांत पोरें दाटीवाटीनें निजताहेत आणि शेजारच्या घरांत सरकारी पैशानें खोली मोकळी राहते, हें न्यायाचें नव्हे, हा युक्तिवाद कोणालाहि पटण्यासारखा आहे. परंतु तो खरा मानावयाचा तर लहान घरें हातीं असावयास हवीं होतीं. उत्तर इंग्लंडांतल्या औद्योगिक शहरांत नगरपालिकांनीं बांधलीं होतीं तीं मुख्यत्वें कुटुंबांसाठीं, दोन-तीन शेजघरांचीं. एका शेजघराचीं घरें थोडीं. जावें तर कोठें? खुद्द सरकारनें नेमलेल्या अभ्यासकांच्या पहिल्या अहवालावरून असें दिसलें कीं, पहिल्या सहा महिन्यांत सार्वजनिक घरांतल्याच लहान घरांत गेलेले भाडेकरू शंभरांत पांचहि नव्हते. उलट निम्म्याहून अधिक लोकांची भाड्याची थकबाकी झाली होती. शिवाय ज्यांचीं मुलें मोठीं होऊन निघून गेलेलीं, अशा पेन्शनरांच्या घरांत रिकाम्या खोल्या असण्याचा संभव अधिक. पण त्यांना नियमांतून वगळलें होतें. पेन्शनर मतदानाला न चुकतां जातात, एवढेंच येथें नमूद करतों.

कायदा घाईनें केला म्हणजे काय होतें, याचाहि एक मासला पाहावा. १९९६ च्या जानेवारीपूर्वींपासून त्याच घरांत सतत भाडेसाह्य घेत असलेल्यांना जुन्या नियमांतल्या एका विसरलेल्या कलमानें संरक्षण होतें. ही गोष्ट २०१४ च्या जानेवारींत उघडकीस आली. ज्यांच्याकडून कापूं नये त्यांच्याकडून नऊ महिने कापलें गेलें होतें. सरकारनें मार्चमध्यें ती फट बुजविली. आणि सर्वांत मौजेची गोष्ट ही कीं, 'शेजघर' म्हणजे काय याची व्याख्याच कायद्यांत नव्हती. मालकानें कागदावर जें लिहिलें तें शेजघर. त्यांत पलंग मावतो कीं नाहीं, हें मागाहून न्यायाधिकरणांपुढें भांडून ठरवावें लागे.

आतां ही कपात कोणाच्या घरावर पडली तें पाहूं. सरकारचाच अंदाज होता कीं सुमारे ६ लाख ६० हजार घरांना ती लागूं होईल, आणि त्यांपैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश घरांत कोणीतरी अपंग माणूस असेल. हें प्रथम चमत्कारिक वाटतें. पण विचार केला म्हणजे उलगडतें. अपंग माणसाच्या घरांत खोली कशासाठीं लागते? पाठीचा कणा जन्मतः सदोष असलेल्या एका पत्नीला खास पलंग व यंत्रसामग्री लागत होती. त्या खोलींत दुसरा पलंग मावत नव्हता, म्हणून पति शेजारच्या खोलींत निजे. नियम म्हणाला, जोडप्याला एकच शेजघर. दुसऱ्या एका घरांत आजीआजोबा आपल्या अत्यंत विकल नातवाला सांभाळीत होते. रात्रीं त्याच्याजवळ बसणारी परिचारिका कांहीं दिवस मुक्कामाला येई, तिच्यासाठीं एक खोली राखलेली. प्रौढ माणसाच्या परिचारिकेची खोली नियमानें मान्य केली होती. मुलाच्या परिचारिकेची नाहीं! या दोन्ही कुटुंबांना सर्वोच्च न्यायालयांत जावें लागलें, आणि ९ नोव्हेंबर २०१६ रोजीं दोघांच्याहि बाजूनें निकाल लागला. त्याच दिवशीं एका तिसऱ्या बाईची फिर्याद मात्र फेंटाळली गेली. एका माणसाच्या जीवघेण्या हिंसेपासून बचाव व्हावा म्हणून तिच्या घरांतील एक खोली सरकारी योजनेंतूनच लोखंडी दाराची, अभेद्य अशी करून दिलेली होती. आणि दुसऱ्या नियमानें तीच खोली 'जादा' ठरली होती. तिला न्याय मिळाला तो स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयांत, २०१९ च्या ऑक्टोबरांत.

ही झाली घराची मोजणी. देहाची मोजणी तिच्याहि आधीं, २००८ सालीं, मजूर पक्षाच्या सरकारनें सुरू केली होती. तेव्हां हा दोष एकाच पक्षाच्या माथीं मारतां येत नाहीं. आजारामुळें काम न करूं शकणाऱ्यांना मिळणारा जुना भत्ता बंद करून नवा आणला, आणि त्यासाठीं 'कार्यक्षमतेची तपासणी' ठेवली. तपासणीचा मक्ता ॲटॉस या फ्रेंच कंपनीकडे होता. आपला नेहमींचा डॉक्टर काय म्हणतो याला दुय्यम स्थान. एक अनोळखी तपासनीस संगणकापुढें बसून ठराविक प्रश्न विचारणार आणि उत्तरांना गुण मिळणार. पंधरा गुण झाले तर भत्ता. एका दमांत ५० मीटर जातां येत नसेल तर १५, २०० मीटर जातां येत नसेल तर ६. अर्धा लिटर द्रवानें भरलेला डबा उचलून ठेवतां येत नसेल तर १५, एक लिटरचा येत नसेल तर ९. कोटाच्या वरच्या खिशांत कांहीं ठेवावें इतका एकहि हात वर होत नसेल तर १५. गजराच्या घड्याळाला गजर लावण्याइतकें सोपें काम शिकतां येत नसेल तर १५. चालण्याच्या प्रश्नांत आणखी एक मेख होती. ज्याच्याजवळ चाकांची खुर्ची नाहीं, त्याला ती असती तर तो किती दूर गेला असता, याचाहि विचार करण्याची मुभा होती.

मापें ठराविक असावींत, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असें होऊं नये, हा हेतु वाईट नव्हता. पण दुखणें कांहीं मापानें येत नाहीं. सोमवारीं दुधाचा डबा उचलणारा संधिवाताचा रोगी गुरुवारीं चमचाहि उचलूं शकत नाहीं. तपासणी झाली सोमवारीं. ज्याचें मन खचलें आहे, तो नीटनेटके कपडे घालून, वेळेवर येऊन, नम्रपणें उत्तरें देतो, आणि हेंच त्याच्याविरुद्ध नोंदलें जातें. सरकारनें नेमलेल्या प्राध्यापक माल्कम हॅरिंग्टन यांनीं २०१० सालच्या परीक्षणांतच या पद्धतींत यांत्रिकपणा फार आहे, आणि लोकांना माणुसकीची वागणूक मिळत नाहीं, असें दाखवून दिलें होतें. तरीहि जुना भत्ता घेणाऱ्या दहा लाखांहून अधिक लोकांना पुन्हां या चाळणींतून काढण्याचें काम पुढें रेटलें गेलें. सुरुवातीच्या वर्षांत अपील सुनावणीपर्यंत गेलेल्या प्रकरणांपैकीं शेंकडा चाळिसांच्या आसपास निकाल फिरले. परीक्षकाचे इतके निकाल फिरूं लागले, तर आपण त्याच्या हातीं आपल्या मुलांचे पेपर देऊं काय?

एप्रिल २०१३ मध्यें, म्हणजे खोलीची कपात सुरू झाली त्याच महिन्यांत, अपंगांच्या दुसऱ्या एका भत्त्याचीहि पालट झाली. हा भत्ता काम करणाऱ्या अपंगालाहि मिळे. कारण अपंगाला जगण्याचाच खर्च जास्त येतो हें त्यांतलें तत्त्व. चालण्यासाठींच्या वरच्या दराला पूर्वीं व्यवहारांत सुमारे ५० मीटरांची खूण मानीत. आतां ती २० मीटरांवर आली. वीस मीटर म्हणजे लांबींत उभ्या केलेल्या दोन बसगाड्या. ज्यांचा वरचा दर गेला, त्यांची त्या पैशावर मिळालेली मोटारहि परत गेली, आणि मोटार गेल्यावर कांहींची नोकरी. पुढें २०१८-१९ मध्यें या भत्त्याच्या सुनावणी झालेल्या अपिलांपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक अर्जदारांच्या बाजूनें लागलीं. मात्र अपिलापर्यंत पोंचावयास दम लागतो. आणि अशा प्रकरणांतली मोफत कायदेशीर मदत त्याच २०१३ च्या एप्रिलांत बहुतांशीं बंद झाली होती.

अशा वेळीं लोक रस्त्यावर आले नसते तरच नवल. ११ मे २०११ रोजीं हजारों अपंग माणसें लंडनमध्यें पार्लमेंटवर चालून गेलीं. चालून म्हणजे कित्येकजण चाकांच्या खुर्च्यांवरून. २८ जानेवारी २०१२ ला ऑक्सफर्ड सर्कसच्या गजबजलेल्या चौकांत कांहींजणांनीं आपल्या खुर्च्या सांखळीनें एकमेकींना बांधून वाहतूक रोखून धरली. त्याच वर्षीं लंडनला अपंगांचे पॅरालिंपिक सामने झाले, आणि त्यांच्या पुरस्कर्त्यांत तीच ॲटॉस कंपनी होती! ३१ ऑगस्टला तिच्या कचेरीबाहेर निदर्शनें झालीं. ३ सप्टेंबरला अर्थमंत्री ऑस्बर्न विजेत्यांना पदकें देण्यासाठीं स्टेडियममध्यें उतरले. नांव पुकारलें जातांच सुमारे ८०,००० प्रेक्षकांच्या त्या समुदायांतून त्यांची प्रचंड हुर्यो झाली. हे प्रेक्षक चळवळे नव्हते. तिकिटें काढून मुलांबाळांसह आलेले मध्यमवर्गीय लोक होते. मला वाटतें, ज्या दिवशीं ही हुर्यो झाली त्या दिवशीं हा प्रश्न भत्तेवाल्यांचा राहिला नाहीं.

मृत्यूंचा उल्लेख टाळतां येत नाहीं, आणि तो जपूनच केला पाहिजे. डिसेंबर २०११ ते फेब्रुवारी २०१४ या काळांत, 'काम करण्यास योग्य' असा निकाल मिळून भत्ता संपल्यावर थोड्याच काळांत २,३८० माणसें वारलीं, असें २०१५ च्या ऑगस्टमध्यें सरकारी खात्यानेंच प्रसिद्ध केलें. निकालामुळें तीं वारलीं असें यावरून सिद्ध होत नाहीं, हें खात्याचें म्हणणें तर्काला धरून आहे. परंतु त्यांतल्या कित्येकांना कामास योग्य ठरविणें कितपत बरोबर होतें, हा प्रश्न उरतोच. त्याच वर्षाच्या अखेरीस लिव्हरपूल व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं इंग्लंडच्या १४९ भागांचा अभ्यास छापला. २०१० ते २०१३ मध्यें जेथें फेरतपासण्या अधिक झाल्या, तेथें आत्महत्याहि अधिक वाढल्या. ही जादा संख्या त्यांच्या हिशेबानें सुमारे ५९० होती. कार्यकारणाचा पुरावा हा नव्हे, असें त्यांनीं स्वतःच सांगितलें. पण असा आंकडा समोर आल्यावर शोध घेणें हें सरकारचें काम होतें.

बाहेरचे लोकहि बोलूं लागले होते. २०१३ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें घरांची पाहणी करावयास आलेल्या ब्राझीलच्या राकेल रोल्निक यांनीं शेजघराची कपात स्थगित करावी असें सांगितलें, तेव्हां सत्ताधारी पक्षांत केवढा थयथयाट झाला! २०१६ च्या नोव्हेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क समितीनें तर गंभीर अथवा पद्धतशीर हक्कभंग झाल्याचा निष्कर्ष काढला. ॲटॉसनें २०१४ सालीं मक्ता मुदतीपूर्वीं सोडला. २०१५ मध्यें मॅक्सिमस ही अमेरिकन कंपनी आली. माणसें बदललीं, गुणांचा तक्ता तोच राहिला. आणि मार्च २०१६ मध्यें अंदाजपत्रकांत अपंगांच्या भत्त्याला आणखी कात्री लावण्याचें ठरलें, तेव्हां राजीनामा दिला कोणीं, तर खुद्द डंकन स्मिथ यांनीं! तीन दिवसांत ती कात्री मागें घ्यावी लागली.

आपल्याकडे २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत ४० टक्क्यांची रेघ आहे. टक्केवारीच्या दाखल्यासाठीं सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यांत सकाळपासून बसलेलीं माणसें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हा विलायती तक्ता अगदींच परका वाटणार नाहीं.

स्कॉटलंडनें या बाबतींत आपली वाट थोडी निराळी काढली. २०२२ पासून तेथें अपंगांचा भत्ता स्वतंत्र झाला, आणि त्याची तपासणी खासगी कंपन्यांच्या हातीं ठेवली नाहीं. लंडनमध्यें मात्र २०२४ सालीं मजूर पक्ष अधिकारावर आल्यावर, २०२५ च्या वसंतांत पुन्हां जुनाच प्रयोग झाला. यापुढें एखाद्या तरी एका क्रियेंत चार गुण मिळाल्याशिवाय भत्ता नाहीं, असें कलम निघालें. म्हणजे अंघोळीला थोडी मदत, कपड्यांना थोडी, स्वयंपाकाला थोडी, अशी सर्वत्र दोन-दोन गुणांची अडचण असलेला माणूस बाहेर. १२० हून अधिक खासदार आपल्याच सरकारविरुद्ध उभे राहिले, आणि १ जुलै २०२५ रोजीं सभागृहांत चर्चा चालूं असतांनाच मंत्र्यांनीं तें कलम मागें घेतलें. मंत्री सर स्टीफन टिम्स यांनीं अपंगांनाच बरोबर घेऊन तपासणीचा फेरविचार करावा असें ठरलें. आजारी लोकांसाठींच्या दुसऱ्या रकमेची कपात मात्र टिकली. एप्रिल २०२६ पासून नव्या अर्जदारांना, कांहीं अपवाद सोडून, आठवड्याला सुमारे ९७ पौंडांऐवजीं ५० पौंड, असें त्या कायद्यानें ठरविलें.

त्या कायद्यांत शेजघराच्या कपातीला कोणीं हात लावला नाहीं. इंग्लंड व वेल्समध्यें शेंकडा १४ आणि शेंकडा २५ हे आंकडे २०१३ सालीं ठरले तसेच आहेत. स्कॉटलंडचें सरकार आपल्या भाडेकरूंची ती तूट २०१४ पासून स्वतःच्या तिजोरींतून भरून देतें.